बेपत्ता मालक, मानीव सही

सदनिका, जिला बोलीभाषेत फ्लॅट म्हणतात, ही स्थावर मालमत्तेतील मोठी चमत्कारिक वस्तू आहे. कारण तिचा मालक तिच्या भिंतीत खिळा ठोकू शकतो, तिच्यावर वीस वर्षांचे कर्ज काढू शकतो, ती मुलाच्या शिक्षणासाठी विकू शकतो, परंतु ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन कोणाची असे विचारले, की तो प्रथम पत्नीकडे, नंतर सोसायटीच्या सचिवाकडे आणि शेवटी आकाशाकडे पाहतो. आकाशाकडे पाहणे हे कायद्याच्या दृष्टीनेही फारसे चुकीचे नाही, कारण जमिनीचे हस्तांतरण होईपर्यंत त्याच्याजवळ जे असते ते दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर अडकवलेले, चार भिंतींनी वेढलेले आकाशच असते. त्यात ती जमीन भाडेपट्ट्याची असेल, म्हणजे मूळ मालकाने ती विकलेली नसून ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक भूभाड्यावर केवळ वापरायला दिलेली असेल, तर हे आकाशही परत करण्याच्या बोलीवर आणलेले आहे असे समजावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे भाडेपट्ट्याने उपभोगाचा हक्क मिळतो, मालकी पट्टा देणाऱ्याकडेच राहते; आणि पट्टा देणारा कोठे राहतो हे मात्र अधिनियमात सांगितलेले नाही.

मालकीच्या या शास्त्राचा अभ्यास करण्यास वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामइतके गैरसोयीचे स्थळ दुसरे नसेल, आणि म्हणूनच अभ्यासकाने सुरुवात तेथून करावी. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी या गावी, म्हणजे तेव्हाच्या सेगावात, राहायला आले. गावाचे मालगुजार जमनालाल बजाज होते. मालगुजार म्हणजे जुन्या मध्य प्रांतात सरकारला गावाचा सारा भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे तो इसम. इंग्रजांनी जमाबंदी करताना या वसुली करणाऱ्यालाच गावाचा मालक ठरवून टाकले, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर सोसायटीची वर्गणी गोळा करणाऱ्या खजिनदाराच्या नावे अख्खी इमारत करून दिली. अशा रीतीने जमिनीचा धनी एक धनाढ्य व्यापारी आणि तिच्यावर राहणारा मनुष्य अपरिग्रहाचे, म्हणजे काहीही जवळ न बाळगण्याचे, व्रत घेतलेला, असा योग या गावी जुळून आला. स्थानिक माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या कुट्या उभ्या राहिल्या; त्यातील जी आज बापू कुटी म्हणून ओळखली जाते ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबहेन यांच्यासाठी बांधलेली होती, म्हणजे तेथेही रहिवासी मूळचा नव्हताच. तरीही ज्याने कोणत्याही मौजातील कोणत्याही खसऱ्यावर हक्क सांगितला नाही, त्याच्या दारी व्हाइसरॉयने टेलिफोन बसवून दिला, आणि ज्यांच्याकडे आज मुद्रांक भरलेला, नोंदणी केलेला, दोन साक्षीदारांनी सही केलेला करारनामा आहे, त्यांचा फोन त्यांचा बिल्डर उचलत नाही.

पुढील घटनाक्रम मालकी या संकल्पनेच्या गांभीर्यास फारसा पोषक नाही. मालगुजार १९४२ मध्ये वारले, रहिवासी ऑगस्ट १९४६ मध्ये गावातून निघाले ते परतले नाहीत, आणि १९५१ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याने, ज्यात वर्धा जिल्हा मोडत असे, मालगुजारीच कायद्याने संपवली. म्हणजे जमीन जागेवर, कुटी जागेवर आणि मालक नावाची संपूर्ण जमातच एका अधिसूचनेने रद्द. सदनिकाधारकांनी या गोष्टीचा हेवा करू नये. त्यांचा मालक कोणत्याही अधिसूचनेशिवाय नाहीसा झालेला असतो, आणि म्हणूनच त्याला शोधणे अधिक अवघड जाते.

हा मालक नाहीसा कसा होतो, हे समजण्यासाठी आधी तो तेथे का राहतो हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात १९६३ मध्ये सदनिकांविषयी जो अधिनियम झाला, आणि ज्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सर्वजण ‘मोफा’ म्हणतात, त्याच्या नावातच ‘मालकी हक्काच्या सदनिका’ असे शब्द आहेत. नाव ठेवणाऱ्यांचा आशावाद यावरून दिसतो. त्याच्या कलम ११ प्रमाणे प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, जमीन आणि इमारत यांतील आपला हक्क खरेदीदारांच्या संस्थेच्या नावे करून द्यावयाचा असतो, आणि करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर नियमांप्रमाणे हे काम संस्थेची नोंदणी झाल्यापासून ४ महिन्यांत व्हावयास हवे. या क्रियेला सरकारी मराठीत ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. हा शब्द एका दमात उच्चारता येणारा सचिव सोसायटीला मिळेपर्यंतच हे ४ महिने बहुधा संपतात. पुढची काही दशके ‘कन्व्हेयन्स झालं का हो?’ हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यानंतर, चहा येण्याच्या किंचित आधी, विचारण्याची प्रथा पडते.

बिल्डर जमीन स्वतःकडे का ठेवतो याचे उत्तर चटईत आहे. नगररचनेत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणून एक संज्ञा आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे ते प्रमाण, ज्याला बाजारात एफएसआय म्हणतात. सरकारी भाषांतरकाराला जमिनीवर पसरलेल्या बांधकामासाठी चटई का आठवली हे सांगता येत नाही, परंतु बापू कुटीत जमिनीवर अंथरलेली बैठक पाहणाऱ्यास हा शब्द एकदम घरचा वाटतो. फरक इतकाच की त्या बैठकीवर बसून एका माणसाने साऱ्या देशाचा कारभार पाहिला आणि तरीही तिचे क्षेत्र वाढवून मागितले नाही, तर शहरातील चटई ही सारखी वाढणारी वस्तू आहे. आज जी इमारत तीन मजल्यांची आहे तिच्या जमिनीवर उद्याच्या नियमांनी सहा मजले बसू शकतात, आणि ते वरचे तीन अदृश्य मजले ज्याच्या नावावर जमीन त्याचे, असा समज असल्यामुळे, अभिहस्तांतरण करून देणे म्हणजे न बांधलेल्या सदनिका फुकट वाटून टाकणे असे बिल्डरास वाटते. गांधीजींनी धनिकांसाठी विश्वस्ततेचा सिद्धांत मांडला होता, म्हणजे संपत्ती जवळ असली तरी ती समाजाची ठेव समजून सांभाळावी. बिल्डरही जमीन सांभाळतोच; ठेव कोणाची, एवढ्याच मुद्द्यावर त्याचे आणि सिद्धांताचे जुळत नाही.

पुष्कळदा तर जमीन बिल्डरचीही नसते. त्याने मूळ जमीनमालकाशी विकसन करार केलेला असतो, सोबत एक आमुखत्यारपत्र घेतलेले असते, आणि त्या बळावर सदनिका विकलेल्या असतात. खरेदीखत मात्र झालेलेच नसते. आमुखत्यारपत्र हे सर्वसाधारणपणे ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, आणि जमीनमालकांच्या अंगी मरण पावण्याचा दोष असतोच. मग आखीव पत्रिकेवर, म्हणजे विदर्भात ज्याला असे म्हणतात आणि इतरत्र ज्याला मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतात त्या नगर भूमापनाच्या उताऱ्यावर, एका अशा गृहस्थाचे नाव दिसत राहते की ज्यांना इमारतीतील कोणीही पाहिलेले नाही, ज्यांची वारसनोंद झालेली नाही, आणि ज्यांचे एक चिरंजीव अमरावतीस, दुसरे पुण्यास व नातवंडे कॅनडात आहेत. त्यांपैकी कोणासही वर्ध्यात आपली जमीन आहे हे ठाऊक नसते, आणि नोटीस पोचताच सर्वांना ती एकदम अतिशय प्रिय होते. येथे अनुभवी सचिवांचे मत असे पडते, की सापडणाऱ्या वारसापेक्षा न सापडणारा मालक परवडतो.

हा केवळ महाराष्ट्राचा दोष आहे असे मानून कोणी मान खाली घालू नये. ज्या देशाकडून भाडेपट्ट्याची ही पद्धत येथे आली त्या इंग्लंडात अनेक सदनिका आजही दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावरच विकल्या जातात, जमिनीची कायम मालकी तिसऱ्याच कोणाकडे असते, आणि हा तिसरा मनुष्य तेथेही हरवतो. पट्टेधारकांनी एकत्र येऊन जमीन विकत घ्यावी अशी तरतूद तेथील १९९३ च्या कायद्यात आहे. परंतु विकत घ्यावयाची कोणाकडून, असा प्रश्न उभा राहिल्यास न्यायालयात अर्ज करावा, न्यायाधिकरणाने ठरवलेली किंमत न्यायालयात जमा करावी, आणि मग न्यायालयाच्या आदेशाने जमीन पट्टेधारकांच्या नावे व्हावी, अशी सोय त्याच कायद्यात करून ठेवली आहे. पैसे न्यायालयात पडून राहतात. हरवलेला मालक कधी उगवलाच तर त्याने ते घेऊन जावे. मालक ही बंद पडलेली कंपनी असेल तर तिची उरलीसुरली मालमत्ता राजसत्तेकडे जाते, म्हणजे काही दुर्दैवी सदनिकाधारकांचा जमीनमालक प्रत्यक्ष राजा असतो. तेथील भूभाड्याचीही गंमत आहे: नाममात्र भाड्याला इंग्रजीत ‘मिऱ्याचा एक दाणा’ म्हणण्याचा जुना प्रघात असून, २०२२ च्या एका कायद्याने नव्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर बहुतांशी एवढेच भाडे लावता येते. मिऱ्याचा दाणा हरवलेल्या मालकापर्यंत कसा पोचवावा यावर तो कायदा मौन पाळतो.

महाराष्ट्राने या पेचावर जो तोडगा काढला तो इंग्रजांच्या तोडग्यापेक्षा अधिक तत्त्वचिंतनात्मक आहे, आणि त्याचे नाव ‘मानीव अभिहस्तांतरण’. मानीव म्हणजे जे घडलेले नाही परंतु घडले असे मानावयाचे ते. मायावादावर शतकानुशतके चर्चा करणाऱ्या देशात विधिमंडळाला ही कल्पना सुचण्यास २००८ साल उजाडावे लागले, हीच त्यातील आश्चर्याची गोष्ट. त्या वर्षीच्या दुरुस्तीने मोफात अशी व्यवस्था आली, आणि २०१० च्या नियमांनी ती चालती झाली, की प्रवर्तक सही करीत नसेल, करावयास सापडत नसेल किंवा करण्याच्या पलीकडे गेला असेल, तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे, नमुना ७ मध्ये २,००० रुपयांच्या न्यायालय शुल्क मुद्रांकासह अर्ज करावा. सोबत आखीव पत्रिका किंवा सात-बारा, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे आणि त्यांची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्तनोंदणीचा गोषवारा, मंजूर नकाशा, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रवर्तकाला पाठवलेली नोटीस जोडावी. प्राधिकाऱ्याने सर्वांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन ६ महिन्यांत निर्णय द्यावा. निर्णय अनुकूल झाला की आदेश आणि प्रमाणपत्र मिळते, दस्तावर मुद्रांक शुल्क किती हे मुद्रांक कार्यालयातून ठरवून घ्यावे लागते, आणि मग दुय्यम निबंधकासमोर ‘एकतर्फी’ अभिहस्तांतरणाची नोंदणी होते. लग्नाला वर हजर नाही, तरी मुहूर्त साधला, अक्षता पडल्या आणि नोंद झाली, असा हा प्रकार असून तो पूर्णपणे कायदेशीर आहे.

यातील सर्वांत नाट्यमय टप्पा नोटिशीचा. जो मनुष्य बेपत्ता आहे म्हणून कायद्याकडे धाव घेतली, त्यालाच प्रथम पत्र लिहावे लागते, आणि तेही त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर. पत्र अपेक्षेप्रमाणे परत येते. लखोट्यावर पोस्टमनने ‘पत्त्यावर मिळून येत नाही’ असा शेरा मारलेला असतो. नवखा सचिव हा लखोटा निराशेने फाडतो आणि अनुभवी सचिव तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावतो, कारण संपूर्ण प्रकरणात बिल्डर हरवल्याचा सरकारी पुरावा तेवढाच असतो. योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरण्याची तरतूद १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे, म्हणजे येथे बजावणीही मानीव. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. ती बिल्डर वाचत नाही, पण दूरचे भाचे वाचतात.

पत्र नेमक्या माणसापर्यंत पोचण्यातली अडचण या भागाला जुनी आहे. सेगाव हे नाव बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या इतके जवळचे होते, की गांधीजींची पत्रे गजानन महाराजांच्या गावी जाऊ लागली, आणि तो घोळ मिटावा म्हणून १९४० मध्ये गावाचेच नाव बदलून सेवाग्राम ठेवण्यात आले. पुढे वर्धा पूर्व या रेल्वे स्थानकालाही सेवाग्राम हे नाव मिळाले, जरी ते स्थानक वर्धा शहरात आहे आणि आश्रम तेथून काही किलोमीटर दूर. पत्र पोचत नसेल तर नाव बदलावे, हा सेवाग्रामने घालून दिलेला धडा बिल्डरांनीही आत्मसात केला आहे. मात्र त्यांनी त्याचा उपयोग पत्र पोचू नये यासाठी केला, आणि म्हणून एका भागीदारी संस्थेच्या नावाने बांधलेल्या इमारतीची नोटीस जाईपर्यंत तेच भागीदार दुसऱ्या नावाने दुसरीकडे पायाभरणी करीत असतात.

वर सांगितलेले सर्व खासगी मालकाला लागू पडते. जमीन सरकारी पट्ट्याची असेल तर शास्त्र उलटे होते. विदर्भातील शहरांत अशा जमिनीला नझूल म्हणतात. अरबी मुळात या शब्दाचा संबंध उतरण्याशी आहे, आणि नझुलाच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढून-उतरून जो पट्टेदार थकला असेल त्याला तो पटेल. येथे मालक मुळीच बेपत्ता नसतो, उलट सर्वत्र असतो. पट्टा बहुधा ३० वर्षांचा असतो, नूतनीकरणाची तारीख पट्टेदाराच्या वडिलांना ठाऊक होती, आणि परवानगी न घेता सदनिका विकली गेली तर ‘शर्तभंग’ होतो. जमिनीची किंमत वाढल्यावर त्या वाढीतील सरकारने मागितलेल्या वाट्याला ‘अनर्जित उत्पन्न’ म्हणतात, म्हणजे न कमावता मिळालेले. तीस वर्षे गृहकर्जाचे हप्ते फेडलेल्या माणसाला हा शब्द वाचून दाखवू नये. अशा जमिनीवर मानीव सहीचा उपाय एकट्याने चालत नाही, कारण पट्टा देणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न उरतो आणि प्रवर्तकाजवळ जे होते त्याहून अधिक तो देऊ शकत नाही. फार तर पट्ट्याचे हस्तांतरण होते. खरी सुटका पट्टा संपवून जमीन भोगवटादार वर्ग-१, म्हणजे निर्बंधमुक्त मालकीची, करून घेण्यात आहे; त्यासाठी रूपांतरणाचे नियम आहेत, नझुलासाठी वेगळे धोरण व अधूनमधून येणाऱ्या अभय योजना आहेत, आणि सर्वांत सारखी असलेली गोष्ट म्हणजे बाजारमूल्याच्या काही टक्के रक्कम सरकारजमा करणे. अभय हा शब्द पूर्वी देव देत असे.

काही सदनिकाधारक यापेक्षा सोपा मार्ग सुचवतात. बारा वर्षे ताबा आहे, मालक फिरकला नाही, तेव्हा प्रतिकूल कब्जाने, म्हणजे मालकाच्या नाकावर टिच्चून उघडपणे उपभोग घेतल्याने, जमीन आपलीच झाली, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दुर्दैवाने पट्टेदाराला पट्टा चालू असताना पट्टा देणाऱ्याची मालकी नाकारता येत नाही, आणि सरकारी जमिनीस बारा नव्हे तर ३० वर्षे मोजावी लागतात. त्यामुळे हा युक्तिवाद जिन्यात उत्तम आणि न्यायालयात निरुपयोगी ठरतो. मालकच निर्वंश वारला असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ प्रमाणे बेवारस मालमत्ता शासनाकडे जाते. म्हणजे शेजारी कितीही वर्षे झाडलोट करीत असला तरी वारस सरकारच.

विदर्भात प्रचलित असलेला आणखी एक प्रकार येथे नोंदवणे भाग आहे. नागपूर-वर्धा भागात अनेक इमारती सहकारी संस्थेऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली येतात. तेथे घोषणापत्र नोंदवले जाते आणि प्रत्येकास सदनिकेबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा, समजा साडेतीन टक्के, दस्तातच मिळतो. हे साडेतीन टक्के नेमके कोठले, सेप्टिक टँकखालचे की तुळशीकट्ट्याखालचे, हे कोणी दाखवू शकत नाही, आणि ‘अविभक्त’ या शब्दाचा अर्थही तोच आहे. पण घोषणापत्र पूर्ण व अचूक असेल तर निदान हरवलेल्या माणसाच्या मागे लागावे लागत नाही.

जमीन द्यायची पण कागद मागे ठेवायचा, हा प्रकार केवळ बिल्डरांनीच केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सेवाग्रामजवळच्या पवनारहून निघालेल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे १०० एकरांचे पहिले भूदान मिळाले, आणि विदर्भासाठी १९५३ चा भूदान यज्ञ अधिनियम झाला. जमीन घेणाऱ्याला ती मिळाली तरी विकण्याचा अधिकार त्यास नव्हता. आणि सभेत हात वर करून जमीन दिलेल्या काही दात्यांची नावे उताऱ्यावरून हलण्यास मात्र हाताइतका उत्साह दिसला नाही. एका बाजूस देण्याची इच्छा असून कागद झाला नाही, दुसऱ्या बाजूस पैसे घेऊनही कागद झाला नाही; तलाठ्याच्या दप्तराला यातला फरक दिसत नाही, कारण दप्तराला फक्त फेरफार दिसतो.

मानीव अभिहस्तांतरणाच्या आदेशाने मालकीचा शेवटचा निवाडा होतो असेही समजू नये. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा, आणि अचानक प्रकट झालेला बिल्डर तेथे दाद मागू शकतो. परंतु अनुभव असा, की इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची भाषा सुरू होईपर्यंत तो प्रकट होत नाही, आणि सुरू होताच कोणतीही नोटीस न पाठवता प्रकट होतो. म्हणून वाचकाने हा लेख बाजूला ठेवून आपल्या इमारतीची आखीव पत्रिका एकदा काढावी, धारकाच्या रकान्यातील नाव मोठ्याने वाचावे, आणि ते नाव इमारतीत कोणाच्याच ओळखीचे नसेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्यावा.